झाकणाच्या आतली राख

१

कुंदा तेलंगनं झाकण उघडलं, आत डोकावली, आणि नको तेवढ्या मोठ्या आवाजात नको तो शब्द बोलून गेली.

"राख!"

झालं. त्या एका शब्दानं सेराफिना मिस्किटाची पार वाट लागली.

एरवी राख म्हणजे काय मोठी चीज? तिनं भांडी घासा नाहीतर उकिरड्यावर टाका. पण ही होती मरोळच्या माळावरच्या 'व्योमयंत्र' कारखान्यातली धूळबंद खोली. इथे लढाऊ विमानांचे भोवरे बनायचे. पोरं फिरवतात तसलेच, फक्त पितळी डबीत बसवलेले आणि नवरीपेक्षा नाजूक. विमान ढगात शिरलं की पायलटला आकाश कुठं नि जमीन कुठं तेच कळेनासं होतं. मग समोरचा भोवरा सांगेल ते खरं. त्यात कण अडकला, भोवरा अडखळला, की पायलट बिचारा आपण सरळ चाललोय अशा समजुतीत थेट डोंगरात!

म्हणून या खोलीत पावडर नको, गजरा नको, केसांना तेल नको. दाराशी एक नळ होता. लग्न झालेल्या बायकांनासुद्धा तिथे कुंकू पुसूनच आत यावं लागे. कॅन्टीनमधले पुरुष त्यांना 'आठ तासांच्या विधवा' म्हणत आणि खो खो हसत. नळापाशी अण्णा केळुसकर उभे असत. खोलीतले सगळ्यात जुने कारागीर. प्रत्येकीचं कपाळ न्याहाळल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत.

त्या गुरुवारी चाचणीच्या टेबलावर एक भोवरा कुरकुरला आणि ठप्प झाला. तपासनीस कुंदा. वय तेवीस, बी.एस्सी., जीभ तिखट, आणि स्वतःवर मनापासून खूश. तिनं झाकणाच्या स्क्रूवर मोहोर म्हणून लावलेले लाखेचे लाल ठिपके फोडले, झाकण काढलं, आणि ते ओरडणं ओरडली.

सगळ्यांच्या माना एकदम सेराफिनाकडे वळल्या. कारण काल होता राखेचा बुधवार. मरोळ गावठाणातले सगळे ख्रिस्ती काल पहाटे चर्चमध्ये जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून आले होते. आणि या खोलीत ख्रिस्ती एकटी सेराफिना, उघडा भोवरा डबीत बसवणारी.

"मी पुसली होती," सेराफिना म्हणाली. "नळावर पुसली. देवाची शपथ!"

तेवढ्यात मागून अण्णा आले. शांत, देवभोळे, कधी आवाज न चढवणारे अण्णा. डिसेंबरच्या लढाईत त्यांचा एकुलता मुलगा मुकुंद विमान घेऊन ढगात शिरला होता, तो डोंगरावर आदळूनच बाहेर आला. तेव्हापासून अण्णा मुके झाल्यासारखेच होते.

ते राखेकडे बघत राहिले. चेहरा पांढराफटक. मग त्यांनी सेराफिनाकडे बोट केलं, आणि त्यांच्या तोंडून गावची मालवणी फुटली.

"गेल्या सालीसुद्धा तू राख फासून इलेलंस! तेव्हाचोच भोवरो होतो त्याच्या विमानात! माझ्या झिलाक तूच खाल्लंस गो, तूच!"

कुणीतरी सेराफिनाच्या डोक्यावरची टोपी ओढली. कुणीतरी केस धरले. आणि मघाशी ओरडलेली कुंदा? ती हातात झाकण घेऊन नुसती उभी राहिली.

२

"घातपात," वर्टीसाहेब म्हणाले. शब्द तोंडात गोड लागला असावा, कारण त्यांनी तो परत चघळला. "घातपातच."

वर्टीसाहेब कारखान्याचे मॅनेजर. लढाई नुकतीच संपलेली, खिडक्यांच्या काचांवरचा काळा कागद अजून पुरता खरवडून झाला नव्हता. अशा दिवसांत घातपात पकडणाऱ्या मॅनेजरची बढती कोण अडवणार? शेजारी सुरक्षा अधिकारी भीमराज मिशीवरून बोट फिरवत उभा होता. खोलीत एक खुर्ची रिकामी होती, पण सेराफिनाला कुणी बस म्हटलं नाही.

"साहेब, मी पुसली होती. अण्णांनी बघितलं ना!"

"अण्णा म्हणतात, गर्दी होती, लक्षात नाही."

"मग अण्णा खोटं बोलतात."

"तोंड सांभाळ!" भीमराज गरजला. "ज्याचा मुलगा देशासाठी गेला तो माणूस खोटं बोलेल?"

वर्टीसाहेबांनी निकाल देऊन टाकला. शनिवारी दुपारपर्यंत कबूल हो. नाही झालीस तर पोलिसांच्या हवाली. नोकरी दोन्हीकडून गेलीच.

आता ही नोकरी म्हणजे काही कुणी मेहेरबानीनं दिलेली नव्हती. जिथे धूळबंद खोली उभी होती तिथे सेराफिनाचा बाप मार्कस भात लावायचा. कंपनीनं शेतं घेतली आणि घरटी एकाला नोकरी लिहून दिली. मिस्किटांच्या घरून ती सेराफिनाला मिळाली. ती गेली की शेतही गेलं नि शेताचा मोबदलाही गेला. घरात चूल पेटायला दुसरं काही नव्हतं.

फाटकाशी मार्कस हॅट हातात धरून उन्हात उभा होता. सावलीत येऊ का म्हणून त्यानं विचारलं, तर रखवालदार हसून म्हणाला, "तुझ्याच शेतात उभा आहेस की काका! ऊन काय नवीन आहे तुला?"

"शाबास, मिस तेलंग," वर्टीसाहेब कुंदाला म्हणाले. "काय पाहिलंत ते नीट सांगा. भीमराज टिपून घेतील."

कुंदाची छाती अंमळ फुगलीच. खोटं कशाला बोला? मॅनेजर कधी तिला नावानं हाक मारत नसत. मग तिची नजर सेराफिनाकडे गेली. रोज दुपारी दोघी एका डब्यात जेवायच्या. घरी शुद्ध शाकाहारी असलेली कुंदा सेराफिनाच्या डब्यातली सुकटाची चटणी पोळीला लावून बोटं चाटून खायची. आता सेराफिना तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. हे ध्यान कुठल्या जातीचं, असं बघतात ना, तसं.

कुंदानं घसा खाकरला. "मी झाकण काढलं, उलटं केलं, आणि आतल्या बाजूला राख…"

ती थांबली.

"पुढे?" भीमराज म्हणाला.

पुढचं तिला बोलवेना. राख भोवऱ्यावर नव्हतीच! चार कण खाली निसटलेले, बाकी सगळी झाकणाला, आतून, वरच्या बाजूला. कपाळावरची राख गळली तर खाली पडेल. ती उडी मारून छताला कशी चिकटली?

३

कुंदानं ते झाकण भिंगाखाली धरलं.

राखेचा लंबगोल ठसा. पांढुरका. त्यात बारीक बारीक रेषा. बोट! कुणीतरी उघडं बोट राखेत बुडवून झाकणाला आतून हळूच टेकवलं होतं. तिनं नाक जवळ नेलं. थंडसर, गोडसर वास. ओळखीचा, पण कुठला ते काही केल्या आठवेना.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं होतं. आणि राखेच्या बुधवारचा मुहूर्त साधून आळ बरोबर सेराफिनावर जाईल असं बघितलं होतं. कुंदाला वाईट वाटायच्या आधी मजा वाटली. असतात अशी माणसं.

सेराफिनाचं काम भोवरा डबीत बसवण्यापुरतं. झाकणापर्यंत पोचणारे तिघं. नीला झाकणं धुवायची, अण्णा ती बसवायचे, आणि बाळ संध्याकाळी खोली झाडायला नि हवेच्या जाळ्या साफ करायला यायचा.

नीला वैद्य पेट्रोलच्या टबात हात घालून बसली होती. सेराफिनाच्या शेजारच्या टेबलावरची.

"मला काय विचारतेस? तुलाच ना राख सापडली?"

"सेराफिना गेली तर कुणाचा फायदा गं?"

"माझा," नीला चटकन म्हणाली. "माझ्या बहिणीचं नाव नोकरीच्या यादीत वरच आहे. सगळ्यांना माहीत आहे, मग लपवू कशाला? वाईट वाटतं हो तिचं. पण फार नाही वाटत."

"अगं, लाज?"

"तू ओरडलीस तेव्हा तुझी कुठे होती?"

कुंदाला टोला बरोबर बसला. पण नीलाच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे होते. पेट्रोलनं कातडी सोलते म्हणून मोज्यांशिवाय ती झाकणाला शिवत नसे, आणि धुतलेलं झाकण लगेच काचेखाली जाई. रबराच्या बोटाला रेषा कुठून येणार?

बाळ म्हात्रे मागच्या पायरीवर बिडी ओढत बसला होता. बिडीच्या टोकाला छान पांढरी राख! कुंदाचे डोळे चमकले.

"तेलंगबाई, बरं झालं बघा," बाळ म्हणाला. "मी तिला लग्नाचं विचारलं होतं. तर म्हणते कशी, आधी दात घास. अख्ख्या कॅन्टीनसमोर! आता घासू दे तुरुंगातली भांडी."

"बाळ, बुधवारी तू भोवऱ्यांना हात लावलास?"

"कसले भोवरे? मी आत जातो तेव्हा सगळे बंद होऊन, लाखेचे ठिपके लागून कपाटात. मला काय हुंगायचेत?"

ते खरं होतं. ठिपके कुंदानं स्वतः फोडले होते, आणि ते धड होते. तरी तिनं बिडीची राख कागदावर घेऊन हुंगली. निव्वळ तंबाखू. तो वास नव्हे.

परत येताना ती नळापाशी थबकली. खिळ्यावर बायकांचा टॉवेल लटकत होता. आठवड्यातून एकदा, सोमवारी बदलायचे, त्यामुळे कुंकवानं लालेलाल. आणि त्या लालीमध्ये एक फराटा होता. काळाकुट्ट. ओला करून पुसल्यासारखा.

"कुणीतरी काजळ पुसलं असेल," नीला मागून म्हणाली.

काजळ? कुंदा मनात म्हणाली. एवढं रुंद? आणि काजळाला तर खोलीत केव्हाची बंदी!

४

आता राहिले अण्णा.

त्यांना विचारायचं म्हणजे कुंदाच्या जिवावर आलं. शुक्रवारी काम सुटल्यावर ते नळाशेजारच्या स्टुलावर एकटेच बसले होते. मांडीवर हात उताणे. बारीक स्क्रू पकडून पकडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. मोजे घातले तर स्क्रू हाताला लागत नाही, असं ते नव्या पोरींना शिकवायचे.

"अण्णा, बुधवारी सेराफिनाचं कपाळ तुम्ही पाहिलंत ना?"

"नाही दिसलं."

"तुम्हाला? अहो, माझ्या भुवईतला पावडरचा कण दिसतो तुम्हाला! मला दोनदा परत पाठवलंयत."

"मुकुंद गेल्यापासून डोळ्यांना धड दिसत नाही बाय."

मग अण्णाच बोलत राहिले. मुकुंद लहानपणी कागदाची विमानं करायचा ते. लढाईवर जायच्या आधी घरी आला तेव्हा आईनं केलेली खांडवी डब्यात भरून नेली ते. त्याच्या विमानात बापानं बंद केलेला भोवरा आहे, हे तो सगळ्या दोस्तांना सांगायचा ते.

"तिला सोडू नको हां कुंदा," ते एकदम म्हणाले. "तिनंच केलंय. तिनं नसेल केलं तर मग…"

"तर मग काय, अण्णा?"

"काय नाही."

त्यांचा चेहरा असा झाला की कुंदाला पुढे विचारवेना. ती उठली.

"कुठे निघालीस?"

"सेराफिनाच्या घरी."

"आता? दिवेलागणीला? एकटी?" अण्णा गडबडीनं उठले. सदऱ्याच्या खिशात हात गेला, बाहेर आला, आणि त्यांनी कुंदाच्या कपाळाला बोट टेकवलं. घरातलं मूल बाहेर निघालं की म्हातारी माणसं टेकवतात तसं. "सांभाळून जा गो बाय. लवकर घरी जा."

कुंदाला गहिवरून आलं. एवढं दुःख सोसूनही माणूस दुसऱ्याच्या पोरीची काळजी करतो! या भल्या माणसावर आपण संशय घ्यायचा?

संशय पुसून टाकून ती गावठाणाची वाट चालू लागली. कपाळ मात्र तिनं पुसलं नाही.

५

मिस्किटांच्या ओटीवर मार्कस भिंतीला टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. दारात सेराफिनाची आई उभी राहिली, बेटी. लुगडं आवळून नेसलेली, हात कमरेवर.

"कोण? कुंदा? तुझ्या डब्यातलं संपलं काय? आज आमच्याकडे काय नाय शिजलं."

"बेटीमावशी, मला सेराफिनाला भेटायचंय."

"कशाला? अजून काय सापडलं तिच्यात?" बेटी बोलता बोलता पुढे आली, आणि कुंदाच्या तोंडाकडे बघून तिचे डोळेच फिरले. "अगं बया! थट्टा करायला आलीस काय आमची? कपाळाला राख फासून?"

"राख?"

"मग काय शेंदूर आहे? आरशात बघ जा! पोरगी माझी तुरुंगात चालली आणि ही बया आमच्या दारात सोंग काढून आली!"

कुंदानं कपाळावरून बोट फिरवलं. बोटाच्या टोकाला पांढुरकी पूड.

"आणि सोंग काढायचं तर नीट तरी काढायचं!" बेटीचा तोफखाना चालूच. "आमची राख असली पांढरी नसतेच मुळी."

"कशी असते?" कुंदाचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

बेटी तरातरा आत गेली. वेदीवरच्या क्रूसामागे खोवलेली सुकी झावळी ओढून आणली. मागच्या वर्षी ईस्टरच्या आदल्या रविवारी चर्चमधून आणलेली. असल्याच जुन्या झावळ्या जाळून चर्चमध्ये बुधवारची राख करतात. तिनं टोक दिव्यावर धरलं, बशीत चिरडलं, पाण्याचा थेंब टाकला, आणि बोट बुडवून कुंदाच्या मनगटावर सर्रकन ओढलं.

फराटा उमटला. काळाकुट्ट. नळावरच्या टॉवेलवर होता तसाच.

"बघितलंस? ही राख! ती तुझी कुठली, ती तुझी तू बघ."

कुंदानं दुसरं बोट, ते पांढरं, नाकाशी नेलं. थंडसर. गोडसर. आता आठवलं. कापूर! देवळातली धुनी, कापूर, पुडीतून घरी आणायचा अंगारा!

ती उंबऱ्यावरच बसली. दोन दिवस ज्याच्यामागे धावली तो पुरावा स्वतःच्याच कपाळावर मिरवत ती इथवर आली होती. आणि तो तिथे कुणी ठेवला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आतल्या अंधारात सेराफिना उभी होती.

६

शनिवारी सकाळी वर्टीसाहेबांच्या खोलीत सगळे जमले. नीला, बाळ, भीमराज. एका बाजूला सेराफिना, दुसरीकडे अण्णा. यावेळी खुर्ची अण्णांना दिलेली होती.

"सर, राख सेराफिनाची नाही," कुंदानं सुरुवात केली, आणि काय सांगावं, कोर्टात वकील असावा तशी तिची गाडी सुसाट सुटली. "एक तर ती वरून पडलेली नाही, झाकणाला आतून बोटानं लावलीय. आणि रंग बघा. बुधवारची राख काळी असते. सेराफिनानं ती नळावर पुसली, टॉवेलवर तिचा काळा फराटा अजून आहे. मग झाकणातली पांढरी राख आली कुठून?"

"बिडी!" भीमराज बाळकडे वळला. बाळ दोन पावलं मागे सरकला.

"नाही. बाळ येतो तेव्हा झाकणं बंद असतात. नीला रबरी मोजे घालते, आणि ठसा उघड्या बोटाचा आहे. झाकण बसवताना उघड्या बोटांनी कोण काम करतं? आणि सगळ्यांची कपाळं, खिसे, सगळं तपासून आत सोडणाऱ्या माणसाचा खिसा आजवर कुणी तपासलाय?"

अण्णा जमिनीकडे बघत होते.

"मिस तेलंग," वर्टीसाहेब हळूच म्हणाले, "तुम्ही कुणाबद्दल बोलताय, कळतंय ना तुम्हाला?"

"अण्णा, खिसा दाखवा," कुंदा म्हणाली.

अण्णांनी मुकाट्यानं खिशातून एक पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. झाकण उघडायचीही गरज नव्हती. कापराचा वास खोलीभर झाला.

"गावच्या देवळातलो अंगारो," ते म्हणाले. "मुकुंदाचं पोस्टिंग झालं, आणि खोक्यावर त्याच्याच ठाण्याचं नाव आलं. वाटलं, घरातनं निघताना कपाळाला लावतो, तसा त्याच्या भोवऱ्यालाही लावू. नुसतं बोट टेकवलं हो. चिमूटसुद्धा नाही. बाईच्या कपाळावरचं कुंकू निराळं, देवाचा अंगारा निराळा, त्यानं कसलं नुकसान होणार?"

"आणि परवा मी राख म्हटलं तेव्हा…"

"तेव्हा कळलं. त्याच घटकेला. माझ्या झिलाक कोणी मारल्यान ता." अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. "बोट कुणाकडे तरी करायलाच हवं होतं. स्वतःकडे होईना."

नीलानं पदर तोंडाला लावला. बाळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सेराफिना मात्र अण्णांकडे डोळे न मिटता बघत होती.

इथे थांबली असती तर ती कुंदा कसली? एक प्रश्न राहिला होता, आणि हुशार मुलीला प्रश्न राहिलेला सोसत नाही.

"पण अण्णा, हा भोवरा तर आत्ताचा. मुकुंद तर डिसेंबरात गेला. मग याला का लावलात?"

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू इतकी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही.

"मुकुंदाच्या वेळी एकच बोट लावलेलं. वाटलं, तेच कमी पडलं. मग ठरवलं, आपलो तर गेलो, दुसऱ्यांचे झील तरी परत येऊ देत."

"म्हणजे किती भोवऱ्यांना लावलात?"

"सगळ्यांना."

वर्टीसाहेब उठले ते खुर्ची मागे पाडूनच. डिसेंबरपासून त्या खोलीतून गेलेला प्रत्येक भोवरा! चाचणीत न गळलेली राख हवेतल्या हादऱ्यांनी कधीही खाली येणार. कुठल्या कुठल्या ठाण्यांवर, कुठल्या कुठल्या विमानांत. त्यातली काही या क्षणी हवेत असतील. बाहेर आकाश स्वच्छ होतं. पण आकाश सगळीकडे थोडंच स्वच्छ असतं?

"भीमराज, दार लावा," वर्टीसाहेब घाईघाईनं म्हणाले. "हे या खोलीबाहेर… ही मुलगी तशी चार दिवसांत विस्मरणात गेली असती. हिनं केलं असतं तर किती सोपं होतं!"

"दार उघडंच ठेवा," कुंदा म्हणाली. "नाहीतर मी खाली जाऊन परत ओरडेन. मला येतं ओरडता."

वर्टीसाहेबांनी फोन उचलला. काय करतात? तारा गेल्या, विमानं जमिनीवर बसली, भोवरे परत मागवले गेले. अण्णांना भीमराज दंड धरून घेऊन गेला. अजून परवापर्यंत ज्यांना बघून उठून उभा राहायचा, त्याच अण्णांना.

दारात ते वळले. "कुंदा, घरी नको गो सांगू. मुकुंदाच्या आईला वाटतंय, देवानं नेला."

"अण्णा, डबीचा तपास करायला पोलिस आज घरी जातीलच," भीमराज म्हणाला. "तेच सांगतील."

७

दुपारी कुंदा गावठाणात गेली ती जवळजवळ पळतच. वर्टीसाहेबांचा निरोप घेऊन. सोमवारपासून कामावर ये, झालं गेलं विसर. माफी वगैरे काही नाही, पण नोकरी शाबूत!

सेराफिना ओटीवर कोलंबी सोलत बसली होती. कुंदानं एका दमात सगळं सांगितलं. वर्टीसाहेब कसे घाबरले, आपण कशी धमकी दिली, नीलाचं तोंड कसं पडलं. हात नाचवत, नक्कल करत. सेराफिना आपली सोलतच राहिली. कोलंबीचं डोकं मुरगळायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा, टोपलीत टाकायचं.

"झालं सांगून?" शेवटी तिनं विचारलं.

"अगं, तुला आनंद नाही झाला?"

"कशाचा? शेत आमचं, नोकरी आमची. तुम्ही घेतलीत नि परत दिलीत. त्यात आनंद कसला?"

"पण मी शोधून काढलं ना! मी नसते तर तू आज…"

"तू नसतीस तर झाकण दुसऱ्या कुणी उघडलं असतं. आणि कदाचित आधी नीट बघितलं असतं." सेराफिनानं हात पाण्यात बुडवले. "त्यांनी माझे केस ओढले तेव्हा तू कुठे उभी होतीस, कुंदा? माझ्यापासून हातभर. एकदा तरी म्हणायचं होतंस, थांबा."

कुंदानं टोपलीबाहेर पडलेली एक कोलंबी उचलून आत टाकली.

आतून मार्कसनं हाक मारली. सेराफिना टोपली घेऊन उठली.

"सोमवारी येते म्हणून सांग साहेबाला."

"सेराफिना, माझ्याशी बोलशील ना गं?"

सेराफिना दारात थांबली. क्षणभर असं वाटलं की ती हसणार.

"बोलेन की," ती म्हणाली. "कामापुरतं."

आणि तिनं दार लावून घेतलं.